उपवासकाळातला चहा

राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लागली की मला चहाचा वास येतो. आलं ठेचून घातलेला, भरपूर साखरेचा, मोठ्या टोपात उकळून उकळून काळपट झालेला चहा. आता देवळात चहा कुठून येणार? पुढे शेजारची सेलिन चेची, म्हणजे सेलिनताई, उभी असते, मागे झारखंडची एखादी बाई पाठीला लेकरू बांधून, फादरांचा अंगठा राखेनं काळा झालेला, आणि माझ्या नाकात चहा. मी डोळे मिटून घेते. लोकांना वाटतं, आग्नेस टीचर किती भक्तीत बुडाल्यात. वाटू दे बापड्यांना.

यंदाही तसंच झालं. राख लावून बाहेर आले तर पायऱ्यांवर फादर भेटले. म्हणाले, "टीचर, या वेळी क्रूस डोकमर्डीला राहणार. जोसेफच्या घरी. तुम्ही यायलाच पाहिजे हं. तुम्हाला अनुभव आहे."

अनुभव! मी मान हलवली आणि रिक्षात बसले. घरी पोचेपर्यंत मला रडू येत होतं की राग, माझं मलाच कळेना.

क्रूस म्हणजे आमच्या धर्मग्रामाचा, देवळाखालच्या सगळ्या घरांचा मिळून असलेला सागाचा क्रूस, हातभर उंचीचा. उपवासकाळात तो घरोघर फिरतो. ज्याच्या घरी क्रूस, त्याच्या घरी संध्याकाळी आजूबाजूची कुटुंबं जमतात, जपमाळ म्हणतात, गाणी म्हणतात आणि घरच्यांच्या हातचं काहीतरी खाऊन-पिऊन आपापल्या वाटेनं जातात. दुसऱ्या दिवशी क्रूस पुढच्या घरी. पण एखाद्या घरावर मोठं संकट आलं, तर क्रूस पुढे सरकत नाही. ईस्टरपर्यंत तिथेच मुक्काम करतो. त्या घराला एकटं वाटू नये, त्यांचं ओझं सगळ्यांनी मिळून उचलावं, म्हणून. फार सुंदर पद्धत आहे. नव्या माणसाला सांगितली तर त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही यायचं, आमच्या घरी मुक्काम पडेपर्यंत.

हे दिवसच मुळात विचित्र. खानवेलच्या रस्त्याला पळसावर पान नसतं, नुसती फुलं. दमणगंगेचं पाणी खाली गेलेलं, खडक वर आलेले. पाड्यांवर होळीची लाकडं जमायला लागतात, आणि सकाळच्या बसमधून उतरणाऱ्या बायकांच्या अंगाला मोहाच्या फुलांचा वास असतो. कंपन्यांच्या शेडवरचे पत्रे सकाळी नऊलाच तापतात. सगळं जग रंगांत, वासांत आलेलं, आणि आम्ही मात्र जांभळे पडदे लावून, कपाळाला राख लावून, सोडायला काय सोडावं याचा विचार करत बसलेलो. कारण उपवासकाळात काहीतरी सोडायचं असतं. कुणी मटण सोडतं, कुणी गोड, कुणी बाटली. वसईला माझे वडील तंबाखू सोडायचे आणि चाळीस दिवस घरातल्या प्रत्येकावर खेकसायचे. इनास आणि मी चहा सोडायचो. दोघंही शाळामास्तर, चहा सोडणं म्हणजे काय, ते मास्तरांनाच कळेल.

इनास माझा नवरा. हायस्कुलात भूगोल शिकवायचा, मी पहिली-दुसरीला. आम्ही दोघं वसईचे, लग्नानंतर नोकरीच्या मागे सिल्वासाला आलो, दोन वर्षं काढू म्हणून. इथेच केस पांढरे झाले. त्याचा आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला पोरं भांडत असली तर हा वर्गातूनच हाक मारायचा आणि भांडण जागच्या जागी थांबायचं. देवळातला माइक बंद पडला तर लोक इलेक्ट्रिशियन शोधत नसत, इनासला शोधत. शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेला, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या प्रवासाच्या प्रार्थनेला, चौदाही स्थानं तोच वाचायचा. त्याचं वाचन ऐकताना बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मला मनातून हसू यायचं, कारण घरी हा माणूस म्हणजे मौनीबाबा. भाजी बरी झाली की "हं" म्हणायचा. वाईट झाली तरी "हं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण प्रेमाचा म्हणून एक शब्द कधी तोंडातून काढला नाही पठ्ठ्यानं. मी त्या "हं"चेच अर्थ लावायला शिकले होते. त्यातही प्रकार होते, हो!

त्या वर्षी नाताळात गाणी म्हणताना त्याचा आवाज बसला तो उठलाच नाही. सर्दी म्हणालो, मिठाच्या गुळण्या झाल्या, काढे झाले. शेवटी मुंबईला नेलं. गळ्यात गाठ होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचला तर तेवढ्यावर समाधान मानायचं. तारीख मिळाली ईस्टरनंतरची. "तोपर्यंत आवाज जपा," डॉक्टर म्हणाले. "जेवढं महत्त्वाचं, तेवढंच बोला."

परतीच्या बसमध्ये बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. मग माझ्याकडे वळून त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "आग्नेस, तुला एक सांगायचंय."

"सांग ना."

"इथे नाही. घरी. निवांत बसून."

"अरे, आता सांग. काय आहे?"

"बसमध्ये सांगू?" तो हसला. "अजून महिना-सव्वा महिना आहे हातात. आवाज काय पळून जातोय?"

मला त्या क्षणी, खरं सांगते, कॅन्सर विसरायला झालं. इतक्या वर्षांत या माणसाला पहिल्यांदा मला काहीतरी सांगायचं होतं. नवी नवरी असते ना, तशी मी छातीत धडधड घेऊन बसले, साठीला टेकलेली बाई. एवढंच माझं म्हणणं होतं देवापाशी. आवाज ने, पण आधी मला ते ऐकू दे.

पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचन दिलं, दुसऱ्याच्या ओझ्याला खांदा देण्यावर. नाव घेतलं नाही, पण सगळं देऊळ आमच्या बाकाकडे वळून बघत होतं. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर अंगणात सभा भरली. आमचं धर्मग्राम म्हणजे पाच भाषांची खिचडी. केरळच्या नर्सबाया, गोव्याची जुनी घरं, झारखंडचे कंपनी कामगार, आम्ही वसई-पालघरचे, आणि सुरंगी-खानवेलकडचे इथलेच लोक. एकाची प्रार्थना दुसऱ्याला पुरती कळत नाही. म्हणून झालं काय, की सगळ्यांनी मिळून एकदा येण्याऐवजी प्रत्येकानं आपला स्वतंत्र वार मागून घेतला. मल्याळी सोमवारी. कोंकणीवाले म्हणाले, मग आमचा मंगळवार. हिंदीवाल्यांची शिफ्ट बुधवारी बदलते, त्यांना बुधवार. असं करत आठवडा भरून गेला. शुक्रवारी अख्ख्या धर्मग्रामाची क्रुसाची वाट आमच्याच अंगणात. आणि ज्यांना मधल्या दिवशी जमलं नाही त्यांच्यासाठी रविवार मोकळा ठेवला.

फादरांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले. "टीचर, एकही संध्याकाळ तुम्ही दोघं एकटे नसाल."

आणि खरंच, एकही नव्हती.

संध्याकाळ झाली की चपलांचा ढीग दारात. मी शाळेतून येऊन पदर खोचायचा आणि टोप चढवायचा. माझा चहा सोडलेला, इनासचा सोडलेला, आणि आमच्या घरात दिवसाला बादलीभर चहा उकळतोय! त्यातून एखादी हळूच म्हणायची, "टीचर, मी पण उपवासकाळात चहा सोडलाय हं. मला आपलं लिंबू सरबत चालेल." मग लिंबं पिळा. घरात केळ्यांचे घड, बिस्किटांचे पुडे, कुठल्या कुठल्या तीर्थांहून आणलेलं पाणी, गळ्याला लावायची तेलं. सुरंगीहून एक म्हातारेबाबा दोन बस बदलून जंगलातला मध घेऊन आले. मेणासकट. इनासच्या गळ्यावर त्यांनी आपला खरखरीत हात ठेवला आणि स्वतःच रडायला लागले. अशा माणसाला कुठल्या तोंडानं म्हणायचं, नका येऊ?

हाच तर सगळा घोळ होता. कुणी वाईट असतं तर मी झाडून हाकललं असतं. माझी जीभ काही कमी नाही. पण सगळे चांगले होते हो. मनापासून चांगले. त्यांच्या चांगुलपणाला कडी लावायची हिंमत माझ्यात नव्हती.

आणि त्यांना इनासचा आवाज हवा होता. "मास्तर, एवढं एक वाचन तुमच्या तोंडून होऊ दे. पुढे आम्हाला काय ऐकायला मिळणार?" हा लगेच चष्मा लावायचा. मी स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारायची, तो बघून न बघितल्यासारखं करायचा. त्याला नाही म्हणता येत नसे. संध्याकाळी वाचायला लागेल म्हणून सकाळभर तो गप्प बसायचा. मी शाळेला निघताना हातानंच टाटा करायचा. संध्याकाळी तो आवाज लोकांपुढे काढायचा, आणि शेवटची चप्पल दारातून जाईपर्यंत सगळा संपलेला असायचा. मग कोमट पाणी, औषध, आणि मान उशीला टेकली की झोप. मी कडेला बसले की तो बोटानं खूण करायचा, उद्या.

उद्या मल्याळी यायचे असायचे.

एकदा मी शक्कल लढवली. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली, दुपारची घरी आले, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरातून आत शिरले. आमचं घर तळमजल्याला, मागे वाडगं. कुणी बघितलं नाही. इनास खाटेवर बसून होता, तो बघतच राहिला.

"कुलूप लावलंय पुढून," मी म्हटलं. "आता जग गेलं उडत. बोल."

तो असा हसला! शाळकरी पोरासारखा. मला जवळ बसवलं आणि माझा हात हातात घेतला. आमच्यात हात धरायची पद्धत नव्हती. पंख्याची करकर ऐकू येत होती, बाकी सगळं शांत. मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

"आग्नेस," तो म्हणाला, "आपण इथे आलो ना, तेव्हा..."

तेवढ्यात पुढचं दार धडाधडा वाजायला लागलं. "टीचर! टीचर! अय्यो, बाहेर ताला!" शेजारची सेलिन चेची. केरळची, सरकारी दवाखान्यातली नर्स, सोन्यासारखी बाई. तिनं व्हरांड्यात इनासच्या चपला बघितल्या होत्या आणि आतून खोकला ऐकला होता. "मास्टर आत आहेत! एकटे! ताला लावून टीचर कुठे गेली? कोई है क्या? जल्दी आओ!"

बाहेर पावलं वाढली. कुणी हातोडी मागत होतं, कुणी खिडकीला मांजरासारखं लटकून "मास्टरजी, घाबरू नका" ओरडत होतं. इनासला हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला, आणि रुमाल लाल झाला. मग मी मागून धावत पुढे गेले, किल्ली काढली, "चुकून लागलं गं," म्हटलं.

सेलिननं मला मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी. "टीचर, तू थकलीस. बघ कशी विसरायला लागलीस! उद्यापासून दुपारी मी बसते मास्टरजवळ. माझी नाइट आहे, दुपार खाली. तू बिलकुल चिंता नको करू."

झालं. दुपारही गेली.

शुक्रवारी आमच्या अंगणात क्रुसाची वाट चालायची तेव्हा पाचव्या स्थानाला माझं लक्ष उडायचं. तिथे रस्त्यानं चाललेल्या एका शेतकऱ्याला शिपाई धरून आणतात आणि प्रभूचा क्रूस त्याच्या खांद्यावर देतात. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं की त्या माणसासारखं व्हा, दुसऱ्याचं ओझं उचला. पण मी विचार करायची, ती दोघं थोडा वेळ तरी शेजारी शेजारी चालली असतील. एवढ्या जवळ. प्रभूला त्याच्या कानात काही सांगायचं असेल का? सांगायला गेला असेल, आणि आजूबाजूच्या गलक्यात त्या बिचाऱ्याला ऐकूच आलं नसेल. ते कुठल्याच स्थानात येत नाही. तो माणूस घरी गेल्यावर बायकोला काय म्हणाला असेल? माझा खांदा दुखतोय, एवढंच.

असले विचार मनात यायला लागले की मी आत जाऊन टोपाखालचा गॅस मोठा करायची.

पवित्र आठवड्यात गुरुवारच्या मिस्सेनंतर देवळाची घंटा बंद होते. ईस्टरपर्यंत घंटा नाही, नुसती लाकडाची टकटक. ईस्टरच्या रात्री सगळीकडे घंटा वाजल्या, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि मी बाकावर बसून दिवस मोजत होते. उरला होता एक सोमवार. मंगळवारी पहाटे मुंबईला निघायचं होतं.

मी ठरवलं होतं की सोमवारी काही झालं तरी दार उघडायचं नाही. पण ईस्टर झालेला, क्रूस परत न्यायचा होता, आणि मास्तरांना निरोप द्यायचा होता. सगळे आले. पाचही भाषांतले. अंगणात मावेनात. प्रत्येकाचं एक गाणं झालं, प्रत्येकाची एक प्रार्थना. इनास दारात खुर्ची टाकून बसला होता, सगळ्यांना हात जोडत, नावानं हाक मारत, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाची बदली, सगळं विचारत. कुणाला काही म्हणून विसरला नाही. लोक उठायला लागले तेव्हा तो खुर्चीतून उभा राहिला आणि जुन्या आवाजात, म्हणजे जवळजवळ जुन्याच, मैदानापार जाणाऱ्या आवाजात म्हणाला, "चहा घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही हां!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत कप भरत होते.

पहाटे त्याच्या गळ्यातून आवाज निघाला नाही. ओठ हलले, हवा आली, बस. आम्हाला न्यायला फादरांनी गाडी पाठवली होती, सोबतीला दोन माणसं. हायवेभर त्यांनी जपमाळ म्हटली. इनास माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे, आणि गाडी पळत होती. संध्याकाळी त्याला ऑपरेशनसाठी आत नेलं.

तुम्ही म्हणाल, लिहून द्यायचं ना. मलाही तेच वाटलं. तो बरा झाला, गळ्याला भोक घेऊन घरी आला, तेव्हा मी शाळेतली पाटी आणून त्याच्या हातात दिली. भूगोलाच्या मास्तरचं वळणदार अक्षर. "जेवण नको." "पंखा कर." "सेलिनला सांग बरा आहे." एक दिवस धीर करून विचारलं, "मला काय सांगायचं होतं रे तुला? आपण इथे आलो तेव्हा काय?"

त्यानं पाटी घेतली. पेन्सिल बराच वेळ टेकवून ठेवली. मग लिहिलं, "ते बोलायचं होतं." खाली अजून काही लिहायला गेला आणि थांबला. पाटी पुसून मला परत दिली.

त्यानंतर मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी पळस फुलायच्या आत तो गेला.

मातीला सगळे आले होते, पाचही भाषांतले. सातव्या दिवशीच्या मिस्सेलाही आले. आणि नंतर कुणी नाही. कसं असतं, संकट संपलं असं त्यांना वाटलं. क्रूस दुसऱ्या घरी गेला होता. संध्याकाळी मी दारात बसून राहायची. निवांत. हवी तेवढी निवांत. रिकाम्या खाटेशेजारी बसून ते वाक्य पुरं करायचा प्रयत्न करायची. आपण इथे आलो ना, तेव्हा... तेव्हा काय? तेव्हा मी सुखी होतो? तेव्हा माझं चुकलं? तेव्हा मला परत जायचं होतं? कधी एक वाटतं, कधी दुसरं. आज इतके उपवासकाळ गेले, मी अजून तिथेच आहे. देवाशी मी भांडते. देव माझ्याशी इनाससारखा वागतो, "हं" सुद्धा म्हणत नाही.

तर गेल्या बुधवारी डोकमर्डीला गेले. न जाऊन करते काय? आणि खरं सांगायचं तर मनात एक हेतू होता. जोसेफ खानवेलकडचा, सुताच्या कंपनीत कामाला, वय पस्तिशीचं. तोंडाचा कॅन्सर. जीभ काढायची आहे, येत्या सोमवारी. बायको लुसी, मूलबाळ नाही. हे ऐकलं तेव्हाच मी ठरवलं की या घरात माझ्यासारखं होऊ द्यायचं नाही. एवढी एक गोष्ट मी कमावली आहे या सगळ्यातून, ती कुणाच्या तरी कामी येऊ दे. एक जपमाळ झाली की सगळ्यांना बाहेर काढायचं. फादरांना वाईट वाटलं तर वाटू दे.

चाळीतली दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत माणसं खच्चून भरलेली, मधोमध टेबलावर आमचा सागाचा क्रूस. मागच्या खोलीत एका बाजूला ओटा आणि पडद्याआड जोसेफची खाट. तोंड सुजलंय, लोकांनी बघू नये असं त्याला वाटतं. मी सरळ मागे गेले. लुसी पदर खोचून उभी, शेगडीवर मोठा टोप, आलं ठेचलेलं. तोच तो वास.

मी तिच्या हातातून सांडशी घेतली. "लुसी, ऐक माझं. ही जपमाळ संपली की मी सगळ्यांना घेऊन जाते. उद्यापासून कुणी येणार नाही असं बघते. तू त्याच्याजवळ बस. बोलून घ्या गं दोघं. दिवस थोडे आहेत."

तिनं माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या.

"नको टीचर," ती कुजबुजली. "तुमच्या पाया पडते. नका नेऊ त्यांना."

"अगं पण..."

"सगली गेली का हे माझ्याकडं बघीत रेहतात. कायतरी सांगायचं हाय त्यांना. दोनदा बोलले, लुशे, बस इथं." तिनं पडद्याकडे बघितलं. "मना नाय आयकायचा टीचर. ते सांगतील न् मग जातील. मना नाय आयकायचा."

माझ्याकडे देण्यासारखी ती एकच गोष्ट होती, आणि ती इथे कुणाला नको होती. पुढच्या खोलीत जपमाळेचा आवाज चढला होता. डोळे पुसायला तिचे हात मोकळे राहावेत म्हणून मी चहा हलवायला घेतला. साखर घातली, दूध घातलं. हात आपोआप चालत होते, सवय होती त्यांना.

"लुशे," पडद्याआडून हाक आली. जड, ओली, पण आवाज शाबूत होता.

ती कप पुसत राहिली.

"लुशे!"

मी पडदा बाजूला करून आत गेले. "काय पाहिजे बाबा? पाणी देऊ?"

त्यानं मान हलवली. एका डोळ्याखाली सगळं सुजलेलं. "तुमी नाय," तो कसंबसं म्हणाला. "ती."

मी परत ओट्याशी आले. "लुसी, तुला बोलावतोय."

"आलेच म्हना," ती म्हणाली. मग तिनं चहा गाळला, कप भरले, ट्रे उचलला, एकदा दंडाला चेहरा पुसला आणि पुढच्या खोलीत गेली. जपमाळ संपत आली होती, लोक उठायच्या बेतात होते. मला तिचा आवाज ऐकू आला, चांगला खणखणीत. "चहा घेतल्याशिवाय कोनी जायचा नाय हां!"

सगळे हसले, परत खाली बसले.

मी गॅस बंद केला आणि जोसेफच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाहेर कपबश्या वाजत होत्या, आणि कुणीतरी म्हणालं, "वा, लुसी, चहा फक्कड झालाय."

चहा मी केला होता.